पंचवीस मिनिटं आणि वीस मिनिटं

आधी प्रश्न थोडक्यात. अमेरिकन नौदलाची ॲक्रन आणि मेकन ही दोन एअरशिप, म्हणजे हलक्या वायूने तरंगणारी अवाढव्य हवाई जहाजं, एकाच कंपनीने, जवळजवळ एकाच आराखड्यावर बांधली आणि दोन्ही समुद्रात पडली. पहिल्यातल्या ७६ पैकी ३ जण वाचले, दुसऱ्यातल्या ८३ पैकी ८१. हा फरक निव्वळ लाईफ जॅकेटचा का? जोडून दुसरा प्रश्न असा, की पहिल्या महायुद्धात बुडत्या झेपेलिनवरच्या, म्हणजे जर्मन एअरशिपवरच्या, माणसांना तसंच सोडून निघून गेलेल्या इंग्लिश ट्रॉलरच्या कप्तानाला दोषी धरायचं का?

मी एअरशिपवर कधी पाय ठेवलेला नाही. पण चौतीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली शेवटची बरीचशी कप्तान म्हणून, आणि आता बोटीवर जाणाऱ्या पोरांना पाण्यात पडल्यावर जिवंत कसं राहायचं ते शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर पाण्याच्या बाजूने येईल. आकाशातून पडलेला काय आणि डेकवरून पडलेला काय, पाण्यात दोघांचे हाल सारखेच.

लाईफ जॅकेटमुळे फरक पडला का? पडला, आणि फार मोठा. पण तेवढंच सांगून थांबलो तर अर्धं उत्तर होईल. मी वर्गात ॲक्रन आणि मेकनची गोष्ट सांगतो तेव्हा फळ्यावर दोनच आकडे लिहितो, २५ आणि २०. दोन्ही मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं पाण्यात गेली, दुसरी वीस हवेत. उत्तराचा गाभा तेवढाच.

आता तपशील. ॲक्रनची लांबी ७८५ फूट, म्हणजे सुमारे २३९ मीटर. मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा जराशीच आखूड वस्तू हवेत तरंगते आहे असं डोळ्यांपुढे आणा. आत हेलियम, म्हणजे पेट घेण्याची भीती नाही. पोटात छोटी लढाऊ विमानं ठेवायची सोय. ३ एप्रिल १९३३ च्या संध्याकाळी ते न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट तळावरून निघालं. कप्तान कमांडर मॅकॉर्ड, दुय्यम अधिकारी लेफ्टनंट कमांडर हर्बर्ट वायली, आणि पाहुणे म्हणून खुद्द रिअर ॲडमिरल मॉफेट. अमेरिकन नौदलाचं हवाई खातं त्यांच्याच हाताखाली आणि एअरशिपचे सर्वांत मोठे पाठीराखेही तेच. काम अगदी साधं होतं, किनाऱ्यालगत उडत रेडिओची दिशा शोधणारी यंत्रं जुळवून घ्यायची.

रात्री वादळाने गाठलं. धुकं, विजा, आणि बार्नेगाटजवळच्या समुद्रावर साडेबाराच्या सुमारास वरून खाली दाबणारा वाऱ्याचा जबरदस्त झोत. एकदा खाली आलं, बॅलास्टचं, म्हणजे वजनासाठी भरलेलं, पाणी सोडून वर चढवलं, पुन्हा खाली आलं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण बोटवाल्याला ती लगेच कळते आणि इतरांना सांगितल्याशिवाय कळत नाही. उंची दाखवणारं त्या काळचं यंत्र म्हणजे खरं तर बॅरोमीटरच. हवेचा दाब मोजायचा आणि त्यावरून उंची सांगायची. वादळाच्या पोटात दाब आधीच उतरलेला असतो. पारा एक इंच उतरला तर यंत्र हजार फुटांच्या आसपास चुकतं, आणि चुकतं ते नेमकं घातक बाजूला. तुम्ही आहात त्यापेक्षा उंच आहात असं ते सांगतं. शिवाय यंत्र पुढच्या केबिनमध्ये. वर चढवायला नाक वीस अंश उचललं की शेपूट केबिनच्या दोनशे फूट खाली लोंबतं. केबिनमधला माणूस आठशे फूट असं ओरडून सांगतोय आणि इकडे शेपूट पाण्याला टेकलेलं. ॲक्रनचं तेच झालं. शेपटाचा खालचा पंखा, म्हणजे माशाच्या परासारखा स्थिर पडदा, लाटांत सापडून उखडला आणि उरलेलं धूड मागोमाग समुद्रात कोसळून मोडलं.

सावध व्हायला सेकंद मिळाले, मिनिटं नाहीत. अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं, कारण ते खलाशांना दिलेलंच नव्हतं. रबरी राफ्ट, म्हणजे फुगवायचा तराफा होता, पण ७६ माणसांना मिळून एक, आणि तोही बाहेर काढायला वेळ झाला नाही. जिथे वजनाचा हिशेब किलोकिलोने होतो तिथे आधी काय कमी करतात ते मी मालवाहू बोटींवरही पाहिलंय. सहसा कधी लागत नाही ते.

वायली केबिनमध्ये होता. पाणी एका बाजूच्या खिडकीतून घुसलं आणि त्याला दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर घेऊन गेलं. वर आल्यावर त्याच्या हाती फळीचा एक तुकडा लागला, तीनेक फूट लांबरुंद. आणखी तिघांनी तेलाची एक रिकामी टाकी धरून ठेवली. आता घड्याळ बघा. फीबस नावाचं जर्मन तेलवाहू जहाज जवळून चाललं होतं. त्याच्या कप्तानाला दिवे खाली समुद्राकडे उतरताना दिसले. त्याला वाटलं, एखादं विमान पडलं असावं, आणि त्याने जहाज तिकडे वळवलं. १२ वाजून ५५ मिनिटांनी त्यांनी वायलीला बेशुद्धावस्थेत पाण्यातून ओढून घेतलं. जहाजाच्या होडीने टाकी धरलेल्या तिघांना उचललं: कोपलँड, डील आणि अर्विन. कोपलँडला कृत्रिम श्वास दिला, पण तो शुद्धीवर आलाच नाही. त्याच जहाजावर गेला.

पडल्यापासून उचलेपर्यंत ढोबळमानाने पंचवीस मिनिटं. मध्यरात्र, वादळ, परक्या देशाचं जहाज, कसलीही हाक नाही, तरी पंचवीस मिनिटांत मदत पोचली. माझ्या धंद्यात याला नशीब म्हणतात, आणि मोठं नशीब. तरीही ७३ गेले.

कोकणातल्या माणसाला हे पटत नाही. माझा एक पुतण्या मला म्हणाला होता, "काका, पंचवीस मिनिटं काय, आम्ही तर दोन-दोन तास पोहतो." बरोबर आहे. आपला समुद्र वर्षभर सव्वीस-अठ्ठावीस अंशांचा. न्यू जर्सीचा समुद्र एप्रिलच्या सुरुवातीला सात-आठ अंशांच्या आसपास असतो. फ्रीजमधल्या पाण्याची बाटली हातात धरा आणि कल्पना करा की मानेपर्यंत त्यातच आहात, अंगावर भिजलेले कपडे, पायात बूट.

थंड पाण्यात माणूस कसा मरतो याबद्दल लोकांची समजूत अशी, की हळूहळू गारठून जातो. तेवढा वेळ बहुतेकांना मिळतच नाही. आम्ही पोरांना एक-दहा-एक असं पाठ करून घेतो. पहिलं एक मिनिट श्वासाचं. अंगाला गार पाणी लागल्या क्षणी छाती आपोआप हिसके देते, श्वास आवरत नाही आणि त्यातला एक श्वास लाटेखाली घेतला की संपलं. पट्टीचा पोहणाराही यात जातो. त्यानंतरची दहा मिनिटं हातापायांची. त्यात हात चालतात, दोरी धरता येते, गाठ मारता येते. त्यानंतर बोटं ऐकत नाहीत. मुठीत आलेली दोरीसुद्धा सुटते. मग शेवटचा एक म्हणजे एक तास, त्यानंतर गारठ्याने शुद्ध हरपते. म्हणजे गारठा मारायला तास घेतो, पण बुडून मरायला दहा मिनिटं पुरतात, कारण हात निकामी झाल्यावर तरंगायचं कशाच्या जोरावर? लाईफ जॅकेट ऊब देत नाही. ते फक्त तोंड पाण्याच्या वर ठेवतं. पण त्यामुळे दहा मिनिटांचा माणूस एका तासाचा होतो, आणि फीबस पंचविसाव्या मिनिटाला आलं होतं. बेरीज तुम्हीच करा.

फीबसच्या खलाशांना अंधारात आणखी चार-पाच जण दिसले होते. हाती लागले नाहीत. खवळलेल्या समुद्रात रात्री माणसाचं डोकं म्हणजे नारळाएवढी काळी वस्तू. लाट मध्ये आली की दिसेनाशी होते, आणि लाट सरकेपर्यंत जहाज पुढे गेलेलं असतं. म्हणून आता जॅकेटला दिवा असतो, शिटी असते, चमकणाऱ्या पट्ट्या असतात. माझ्या नव्या विद्यार्थ्यांना शिटी हा पोरखेळ वाटतो. मी त्यांना तलावाच्या कडेला उभं करतो, दिवे घालवतो आणि पाण्यातल्या मुलाला आधी ओरडायला लावतो, मग शिटी वाजवायला. पुन्हा कुणी हसत नाही.

दुसरं म्हणजे आपण कुणाला शोधतोय हेच फीबसला ठाऊक नव्हतं. वायली शुद्धीवर यायला अर्धा तास गेला आणि तेव्हा कळलं की हे दोन-चार माणसांचं विमान नाही, ७६ माणसांचं एअरशिप आहे. तेवढा वेळ शोध चालला तो एका छोट्या विमानाच्या हिशेबाने. नंतर त्यांनी होड्या घालून पाच तासांहून जास्त वेळ समुद्र पालथा घातला. सकाळी सहाला तटरक्षक दलाचं टकर हे जहाज पोचलं, मग क्रूझर, विनाशिका, विमानं आली. अर्थात जिवंत कुणी सापडायची वेळ तोवर टळून गेली होती. शोधायला निघालेलं जे-३ हे नौदलाचं लहान एअरशिपही पडलं आणि त्यात दोघे गेले. वाचवायला गेलेला स्वतःच बुडाला, हे आमच्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पिकनिकच्या किनाऱ्यावर घडतंच.

आता मेकन. ॲक्रन पडलं तेव्हा मेकन तयार होऊन बसलेलं. तीनच आठवड्यांत त्याने पहिलं उड्डाण केलं. त्याचं नामकरण ॲडमिरल मॉफेट यांच्या पत्नीच्या हस्ते झालं होतं, ॲक्रनच्या अपघाताच्या आधी जेमतेम महिनाभर. पुढे कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या ज्या तळावर ते राहायला गेलं त्याला मॉफेट यांचंच नाव मिळालं. आणि १९३४ मध्ये मेकनचा कप्तान कोण झाला? हर्बर्ट वायली. फळीचा तुकडा धरून वाचलेला तोच माणूस.

मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त वायली आवडतो. वाचलेला माणूस पुन्हा त्याच कामावर येतो तेव्हा तो एक तर फार घाबरलेला असतो, नाहीतर फार तयारीचा. मेकनवर लाईफ जॅकेटं होती, पुरेसे रबरी राफ्ट होते. ते सगळं वायलीनेच आणवलं असं मी म्हणणार नाही, ॲक्रननंतर नौदलाचेच डोळे उघडले होते. पण राफ्ट गुंडाळून कोपऱ्यात पडलेला असणं आणि तो कुठे आहे, कुणी फुगवायचा, कुठून टाकायचा हे माणसांना झोपेतही ठाऊक असणं यात फार अंतर आहे. ते अंतर कप्तानच भरून काढतो.

मेकनची दुखापत मात्र जुनी होती. १९३४ च्या एप्रिलमध्ये टेक्सासवरून जाताना डोंगराळ हवेचे हिसके बसून शेपटाजवळ सांगाड्याची तुळई मोडली होती. तात्पुरती डागडुजी झाली, पण पंख्यांच्या मुळाशी बळकटी देण्याचं काम पुरं व्हायचं राहिलं. "पुढच्या वेळी करू" हे शब्द मी किती बोटींच्या देखभालीच्या वहीत वाचलेत, मोजदाद नाही. १२ फेब्रुवारी १९३५ च्या संध्याकाळी, आरमाराच्या सरावातून परतताना, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट सूरजवळ एका झोताने नेमकी तीच जागा सोडवली. वरचा पंखा उडाला आणि जाताना मागच्या गॅसच्या पिशव्या फाडून गेला. पॉइंट सूरच्या दीपगृहाच्या रखवालदाराने हे दुर्बिणीतून पाहिलं आणि पुढे चौकशीत तशी साक्षही दिली.

शेपूट जड झालं. वजन कमी करायला बॅलास्ट, इंधन, जे सुटेल ते खाली सोडलं. इतकं सोडलं की एअरशिप वर वर चढत ४,८५० फुटांवर गेलं. तिथे बाहेरचा दाब कमी, म्हणून पिशव्यांच्या झडपा आपोआप उघडल्या आणि हेलियम निसटलं. आता खाली येणं अटळ होतं. जाणकार अजूनही वाद घालतात की एवढं वजन फेकायला नको होतं, मग कदाचित तळ गाठता आला असता. एअरशिप वाचवायच्या दृष्टीने त्यांचं खरंही असेल. पण मी पाण्याच्या बाजूचा माणूस. त्या उंचीवरून खाली टेकायला मेकनला सुमारे वीस मिनिटं लागली, आणि माझ्या मते ८१ माणसं त्या वीस मिनिटांनी वाचवली.

वीस मिनिटांत काय काय होतं? रेडिओवरून संकटाची हाक गेली, जागेच्या ठावठिकाण्यासह. आरमार जवळच होतं, रिचमंड, कॉन्कॉर्ड आणि सिनसिनाटी या क्रूझर तिकडे निघाल्या. लाईफ जॅकेटं चढली, बंद नीट बांधले गेले. राफ्ट फुगवून झाले. प्रत्येकाला कळलं की आता पाण्यात जायचंय. हे शेवटचं कुणी लेखत नाही, पण तयारीने पाण्यात उतरलेला माणूस पहिल्या मिनिटाचा तो हिसका सोसून नेतो, गाफील पडलेल्याला तो मारतो. एअरशिप शेपटाकडून अलगद पाण्यावर टेकलं. कोसळलं नाही. माणसं राफ्टमध्ये उतरली, अंधार पडत असताना क्रूझर येऊन पोचल्या आणि त्यांनी माणसं वेचून घेतली. कॅलिफोर्नियाचं पाणीही काही आपल्या गुहागरसारखं नव्हे. फेब्रुवारीत तिथे बारा-तेरा अंश असतं. ॲक्रनच्या पाण्यापेक्षा बरं, पण जॅकेटशिवाय काळोखात तेही पुरेसं जीवघेणं.

म्हणजे हिशेब असा. ॲक्रनच्या माणसांचा मदतीची वाट पाहण्याचा सगळा वेळ पाण्यात गेला. मेकनच्या माणसांनी त्यातला मोठा भाग हवेत, कोरड्या अंगाने काढला आणि त्या वेळेत जॅकेट, राफ्ट, रेडिओ तिन्ही कामाला लावले. नुसती जॅकेटं असती आणि वीस सेकंदच मिळाले असते तर? ती खुंटीवरच राहिली असती. नुसती वीस मिनिटं असती आणि जॅकेटं नसती तर? मृत्यू येताना वीस मिनिटं बघत बसले असते.

जे दोघे गेले त्यांच्याबद्दल मी वर्गात जरा जास्तच बोलतो. रेडिओवर काम करणारा डेली याने एअरशिप पाण्याला टेकायच्या आधीच, बरीच उंची असताना उडी टाकली. दुसरा फ्लोरेंटिनो एडक्विबा. त्या काळी अमेरिकन नौदलात फिलिपिनो माणसांना जवळपास फक्त खानसाम्याचीच कामं मिळत, हाही तसाच मेसमधला माणूस. तो सुखरूप बाहेर आला होता. मग आपलं सामान आणायला पोहत पुन्हा सांगाड्यात गेला आणि बुडाला.

ऐकताना वाटतं, कोण असं करेल? दोन वर्षांपूर्वी आमच्या सरावात भोंगा झाला, सगळे जॅकेट घालून रांगेत उभे राहिले, मोजणीत एक कमी. हा पठ्ठ्या खोलीत परत गेला होता. कशाला? मोबाईल चार्जिंगला लावला होता. मी त्याला रागावलो नाही, एडक्विबाची गोष्ट सांगितली. लांब देशी नोकरी करणाऱ्या माणसाच्या पेटीत काय असतं ते मला माहीत आहे. बायकोची पत्रं, साठवलेले पैसे, कागदपत्रं. त्या माणसाला मी कधी मूर्ख म्हणणार नाही. पण त्या दिवशी आमच्या वर्गात कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

जॅकेट आहे पण राफ्ट नाही, असाही एक नमुना आहे. १८ जुलै १९४३ च्या रात्री फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत के-७४ या अमेरिकन लहान एअरशिपने यू-१३४ या जर्मन पाणबुडीवर चाल केली. बॉम्ब सुटलेच नाहीत आणि पाणबुडीच्या तोफांनी त्यांना खाली आणलं. आत दहा माणसं. पाणी कोमट, जॅकेटं अंगावर, म्हणून रात्र निघाली. पण कोमट पाण्यात शार्क असतात. सकाळी मदत अगदी दृष्टीच्या टप्प्यात असताना त्यांच्यातल्या एकाला शार्कने ओढलं. बाकी नऊ वाचले. म्हणून मी म्हणतो, जॅकेट माणसाला तरंगवतं, राफ्ट त्याला पाण्याबाहेर काढतो. दोन्ही लागतात.

एक गोष्ट राहून जाते आहे, ती सांगून दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. बचाव म्हणजे माणसाला डेकवर घेतलं की झालं, असं वाटतं. मी एकदा सौराष्ट्राच्या बाजूला बुडालेल्या मच्छीमार होडीतले चौघे उचलले. रात्रभर पाण्यात होते. तिघे जाळ्याला धरून वर आले. चौथ्याला आम्ही काखेत दोरी घालून उभाच्या उभा वर ओढला. डेकवर आला, माझ्याकडे बघून हसला आणि तिथेच कोसळला. मोठ्या प्रयासाने तो वाचला, पण माझं रक्त गोठलं. नंतर शिकलो की पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर धरून ठेवतो. माणसाला उभा बाहेर काढला की ते सगळं खाली उतरतं आणि दमलेलं हृदय दगा देतं. शिवाय सुटलो या भावनेनेच शरीर सैल पडतं. म्हणून आता शक्य तिथे आडवं उचलतात. फीबसवरच्या लोकांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धतही १९५० नंतरच्या दशकात रुळली. त्यांनी जे येत होतं ते सगळं केलं.

आता ट्रॉलरवाला. २ फेब्रुवारी १९१६. जर्मन नौदलाचं एल-१९ हे झेपेलिन इंग्लंडवर बॉम्ब टाकून परतताना इंजिनं बिघडून उत्तर समुद्रात उतरलं होतं. कप्तान ओडो लोवे आणि एकूण सोळा माणसं, तरंगत्या पोटावर चढून बसलेली. ग्रिम्सबी या इंग्लिश बंदराचा किंग स्टीफन हा मासेमारी ट्रॉलर तिथे पोचला. कप्तान विल्यम मार्टिन, नऊ माणसं, हत्यार एकही नाही. लोवेने विनवलं, पैसे देऊ केले, दगा करणार नाही असा शब्द दिला. मार्टिनने नकार दिला. सोळा जर्मन सैनिक वर घेतले आणि त्यांनी ट्रॉलरच ताब्यात घेऊन जर्मनीला वळवला तर? ट्रॉलरवर रेडिओ नव्हता. परत जाऊन त्याने नौदलाला कळवलं, पण शोधात काही सापडलं नाही. सगळे सोळा गेले. त्यांनी बाटल्यांत घालून सोडलेले निरोप सुमारे सहा महिन्यांनी स्वीडनच्या किनाऱ्याला लागले. जर्मनीत संताप झाला, इंग्लंडमध्ये लंडनच्या बिशपने मार्टिनची पाठराखण केली.

कायद्यापुरतं बोलायचं तर १९१० च्या ब्रुसेल्स करारात कप्तानाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलेलं होतं: समुद्रात बुडण्याच्या धोक्यात सापडलेल्या कुणालाही, तो शत्रू असला तरी, मदत करायची. पण त्यातच पुढची अट आहे, आपलं जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका न होता. मार्टिन त्या अटीवर उभा होता. नऊ विरुद्ध सोळा, आणि तेही दोन रात्रींपूर्वी त्याच्या देशावर बॉम्ब टाकून आलेले. माणसं वर घेतल्यावर त्यांनी ट्रॉलर हिसकावला नसता, याची हमी मला आज आरामखुर्चीतही देता येत नाही.

तरी त्याने त्यांना वर घेतलं नाही, यापेक्षा तो निघून गेला, हे मला जास्त खटकतं. नाही म्हणणं आणि निघून जाणं यांच्यामध्ये बरंच काही करता येतं. दोराच्या लांबीएवढं अंतर ठेवून थांबता आलं असतं. आपली होडी दोराला बांधून त्यांच्याकडे सोडता आली असती, दोन-दोन माणसं घ्यायची, आधी अंग तपासायचं, मग कोठारात कोंडायचं. निदान तरंगणारं सामान, पिंपं, जाळ्याचे लाकडी ओंडके टाकता आले असते. दुसरं जहाज दिसेपर्यंत आसपास घुटमळता आलं असतं. यातलं किती त्या हवेत शक्य होतं ते तिथे असलेल्यालाच माहीत. आणि हेही सांगायला हवं की दोनच महिन्यांनी, १ एप्रिल १९१६ ला, एल-१५ हे दुसरं झेपेलिन थेम्सच्या मुखाशी पडलं तेव्हा अठरापैकी सतरा जणांना इंग्लिश बोटींनीच जिवंत वर घेतलं. पण त्या नौदलाच्या सशस्त्र बोटी होत्या. ज्याच्या हाती बंदूक होती त्याला दया परवडली.

मला कुणी विचारलं, "मार्टिनच्या जागी तुम्ही असता तर?" तर मी सांगेन की माझ्या नऊ माणसांत कोण कोण आहे त्यावर ठरलं असतं. त्यांत शाळेतून नुकता आलेला एखादा पोरगा असता तर मीही बहुधा वर घेतलं नसतं. निघून मात्र गेलो नसतो.

वायलीचं पुढे काय झालं ते विचारलं नव्हतंत, तरी सांगतो. तो साध्या जहाजांवर परतला आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्सजवळ सुरिगाओच्या सामुद्रधुनीत लढलेल्या वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेचा कप्तान तोच होता. मेकनचा सांगाडा १९९० च्या आसपास पॉइंट सूरजवळ साडेचारशे मीटर खोल पाण्यात सापडला, छोट्या लढाऊ विमानांसकट. शोधाला धागा मिळाला तो एका मच्छीमारामुळे. त्याच्या जाळ्यात जाळीदार धातूच्या पट्टीचा तुकडा आला होता आणि तो कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग गावच्या एका खानावळीच्या भिंतीवर टांगलेला होता. तिथे जेवायला आलेल्या वायलीच्या मुलीने तो ओळखला.